यादीतून नाव गेलं, यंत्र मात्र चालू

मैत्रिणींनो, रेशनकार्डावरून घरातल्या कुणाचं नाव कमी झालं की जीव कसा खालीवर होतो! आमच्या दुकानातल्या संगणकाचं तसंच झालं. तुम्ही म्हणाल, संगणकाचं कसलं आलंय नाव? सांगते.

माहूरला आमचं ओटीच्या सामानाचं छोटं दुकान आहे. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला गर्दी लोटली की खण-नारळांचा हिशेब वहीत मावत नाही. म्हणून पुण्याच्या पुतण्याने आपला जुना संगणक दिला, तोही 'कोअरबूट' घालून. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम उठतो, मेमरी आणि बाकीचे भाग कामाला लावतो, मगच लिनक्स नाहीतर विंडोज जागं होतं. सगळ्यांआधी उठून चहाचं आधण ठेवणाऱ्या बाईसारखं त्याचं काम! बहुतेक संगणकांत तो कंपनीचा, कुलूपबंद असतो. कोअरबूट सर्वांना खुलं आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी ते 'लिनक्सबायोस' म्हणून सुरू केलं, २००८ मध्ये त्याचं नाव बदललं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याची ४.११ ही आवृत्ती आली आणि त्यानंतर एएमडीचे कितीतरी जुने बोर्ड यादीतून काढले. आमचाही त्यातच गेला. मला रागच आला. चालतंय ना अजून? कुणाच्या ताटातलं खात होतं?

"काकू, तपासणारं कुणी उरलं नाही," पुतण्या म्हणाला. प्रत्येक बोर्डासाठी वेगळा मजकूर लिहिलेला असतो. सामाईक भाग सुधारला की तो प्रत्येक मजकूरही सुधारावा लागतो, आणि तो बोर्ड टेबलावर ठेवून, बटण दाबून पाहावं लागतं. नवी रचना न स्वीकारलेले बोर्ड ४.११ नंतर जातील, हेही आधीच सांगितलेलं. न तपासता नाव ठेवलं, तर यादीवर विश्वासून कुणी नवी आवृत्ती घालायचा आणि त्याचा संगणक उठायचाच नाही. मुदत संपलेली बाटली औषधाच्या डब्यात ठेवून "आहे ना घरात" म्हणण्यासारखंच की हे!

हे पटलं. एक मात्र खुपतं. जुनी यंत्रं असतात आपल्यासारख्यांच्या घरी, आणि तपासणारे असतात दूर कुठेतरी. त्याच वेळी गेलेला आसुसचा 'केजीपीई-डी१६' हा बोर्ड पोलंडमधल्या एका कंपनीने पुढे सांभाळायला घेतला. आमच्या बोर्डाला तसं माहेर मिळालं नाही.

बरं, काढलं म्हणजे पुसून टाकलं नाही. जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत आणि आमचा संगणक रोज सकाळी उठतो. फक्त त्याच्यासाठी नव्या दुरुस्त्या आता येणार नाहीत. म्हणून मी त्याला इंटरनेट जोडत नाही, बँकेचं काम त्यावर करत नाही. दर शुक्रवारी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घेते. कोअरबूटला तर कुणाला हातही लावू देत नाही. चिपवर नवं काही लिहिताना मध्येच वीज गेली तर संगणक उठत नाही, आणि आमच्याकडच्या विजेचं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमच्या घरी असा जुना संगणक असेल, तर दुरुस्तीवाल्याला "चालतो का?" एवढंच विचारू नका. "याच्या दुरुस्त्या अजून येतात का?" हेही विचारा. आमचा पुतण्या दिवाळीला दुसरा आणतो म्हणालाय. तोवर पेनड्राइव्ह सूनबाईंच्या कपाटात, चांदीच्या निरांजनाशेजारी.