सरकारने काय करावे? बडोद्याचे उत्तर





या वर्षीच्या निबंधस्पर्धेत मोठ्या गटाला 'दळणवळण व संगणक या क्षेत्रांत नवे शोध लागावेत म्हणून सरकारने काय करावे?' असा विषय दिला होता. बहुतेकांनी लिहिले की सरकारने भरपूर पैसे द्यावेत. काहींनी मोठी बक्षिसे सुचवली. एकाने तर प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप फुकट द्यावा असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. निबंध चांगले होते, गुणही दिले. पण या प्रश्नाचे उत्तर आपल्या बडोद्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, ते मात्र एकाही निबंधात नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपली अर्धी मुले रोज प्रतापनगर स्टेशनावरून शाळेत येतात. या भागातल्या छोट्या रेल्वेची सुरुवात खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम या मार्गावर झाली. अडीच फूट रुंदीचे रूळ आणि गाडी ओढायला बैल! रूळ इंजिनाचा भार पेलण्याइतके भक्कम नव्हते. आज हसू येते, पण संस्थानने 'इंजिन चालेल तेव्हा बघू' असे म्हटले नाही. आधी मार्ग टाकला, बैलांवर चालवला, पुढे इंजिन आणले. नवे तंत्र पहिल्या दिवशी लंगडेच असते, त्याला चालायला रस्ता देणारे कोणीतरी लागते.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, सुतारकाम, यंत्रशास्त्र असे विषय तिथे शिकवले जात, आणि तेही गुजरातीतून, कारागिरांच्या मुलांना समजेल अशा भाषेत. चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान विद्याशाखा बनले. राजमहाल रोडवरून जाताना तो घुमट आपण सगळेच पाहतो, पण आत काय पिकले ते मुलांना सांगत नाही.

याच विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या दोघांनी पुढे देशाचा टेलिफोन आणि संगणक बदलला. एक सत्यनारायण ऊर्फ सॅम पित्रोदा, दुसरे डॉ. विजय भटकर.

पित्रोदा ओरिसातल्या तितलागढचे. इथे पदार्थविज्ञान शिकून १९६४ साली अमेरिकेला गेले. तोपर्यंत आपण टेलिफोन कधी वापरलाही नव्हता, असे त्यांनीच सांगितले आहे. १९८० च्या सुमारास आपल्या देशात सत्तर कोटी लोकांमागे जेमतेम पंचवीस लाख टेलिफोन होते. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पालकांपैकी जे पन्नाशी ओलांडलेले आहेत त्यांना शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप घ्यायला धावत गेल्याचे आठवत असेल. परदेशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज हजारो जोडण्यांसाठी बनवलेली असत आणि त्यांना वातानुकूलित खोली लागे. आपल्या खेड्यात वीजच सहा तास!

ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. काम नेमके सांगितले, छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये दिले. नुकतेच शिकून आलेले तरुण इंजिनिअर भरती केले आणि त्यांच्या कामात नेहमीच्या सरकारी फायलींचा अडथळा येऊ दिला नाही. त्यांनी केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. त्याला वातानुकूलन लागत नव्हते. सरकारने हे तंत्र स्वतःच्या कपाटात ठेवले नाही. सरकारी आणि खासगी अशा अनेक कारखान्यांना बनवायला दिले आणि बनलेला माल टेलिफोन खात्याने विकत घेतला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. बक्षीस एकदाच मिळते. गिऱ्हाईक मिळाले तर कारखाना चालतो आणि इंजिनिअर दुसऱ्या वर्षी अधिक चांगले यंत्र करतो.

याचा उलटा पुरावाही आहे. १९९५ साली मोबाइल आला तो परदेशी यंत्रांवर. सरकारने आपल्याच संस्थेकडून तसे काही मागितले नाही, तेव्हा ते घडलेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने स्वदेशी ४जी सुरू केले. त्यात सी-डॉटचा मोठा वाटा आहे. मध्ये तीस वर्षे गेली.

डॉ. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. नागपूरला पदवी घेऊन इथे एम.ई. करायला आले. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी लागणारे महासंगणक देताना अमेरिका अडवणूक करू लागली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एका पहिलवानाला सगळे ओझे उचलायला लावण्याऐवजी पुष्कळ हमालांनी ते वाटून न्यावे, तसे अनेक लहान प्रोसेसर त्यात एकत्र काम करीत. प्रोसेसर बाहेरचेच होते. त्यांना एकत्र राबवण्याची विद्या आपली होती.

पण आपल्या शाळेला सी-डॅकचा उपयोग झाला तो दुसऱ्याच कामामुळे, आणि त्याविषयी फार कमी लोक बोलतात. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदींनी संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम केले होते. ते पुढे सी-डॅकमध्ये वाढले. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये सर्व भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' हा एकच कळफलक ठरवला. अक्षरांचे सांकेतिक आकडेही ठरवले. ते १९९१ मध्ये भारतीय मानक झाले आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी त्यांच्याच पायावर झाली. यात यंत्र नाही की कारखाना नाही, नुसती एक ठरलेली यादी. पण ती सरकारनेच ठरवायची असते, कारण प्रत्येक कंपनीला आपलाच फॉन्ट चालावा असे वाटते. पूर्वी हाच अंक फ्लॉपीवर घालून छापखान्यात नेला की अक्षरांची भेळ होऊन परत यायची. 'शाळा' लिहिलेल्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे!

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे 'संगणक म्हणजे इंग्रजी' हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकत आले आहे. आज पालक तेच सांगून मुलाचा दाखला मागायला येतात. मी त्यांना बसवते आणि कळफलक दाखवते. इनस्क्रिप्टमध्ये ज्या कळीवर मराठी 'क' आहे, त्याच कळीवर गुजराती 'क' आहे आणि तमिळ 'क' सुद्धा. बोटांना एकदा जागा कळल्या की आपले मूल तिन्ही भाषा टाइप करू शकते. हिंदीला ज्याची गरज पडत नाही तो आपला 'ळ' देखील आहे, 'ल'च्याच कळीवर शिफ्टसह, आणि गुजराती 'ळ'ही तिथेच. किती पालकांना हे ठाऊक आहे? इंग्रजी मुलांना यायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण दाखला नेण्याचे कारण संगणक असेल, तर ते कारण उरलेले नाही.

फुकट लॅपटॉपबद्दलही दोन शब्द. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे एका योजनेतून संगणक आले आणि वर्षभर खोक्यातच राहिले. ज्या खोलीत ठेवायचे तिथे वीजजोडणी नव्हती आणि तिचा खर्च योजनेत धरलेला नव्हता. यंत्रे मोजून अहवाल गेला. शिकवणारा कोण, बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे कोणी विचारले नाही. सयाजीराव महाराजांनी शिक्षक आधी शोधला होता.

येत्या सत्रापासून आठवीच्या संगणक तासांपैकी एक तास मराठी व गुजराती टायपिंगसाठी राहील. कळफलकावर चिकटवायची अक्षरे शाळेतर्फे मिळतील. दिवाळीनंतरच्या अंकातील विद्यार्थी विभाग मुलांनी स्वतः टाइप केलेला असावा अशी योजना आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना शनिवारी सकाळी एक तास देता येईल, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. घरी वापरात नसलेला, पण चालू स्थितीतला कळफलक असल्यास तोही चालेल.