क्रियापद नसलेली नोंद

निसर्गविषयक संग्रहालयातील नमुन्याची नोंद तुम्ही कधी भाषेच्या दृष्टीने वाचून पाहिली आहे का? तिच्यात क्रियापद नसते. प्राण्याचे नाव, ते देणाऱ्याचे आडनाव, वर्ष, ठिकाण, खोली, गोळा करणारा, ओळख पटवणारा, एवढ्या पदांवर ती उभी असते. मी भाषाविज्ञानाचा अध्यापक; तरीही ब्रिसिंगा एन्डेकाक्नेमोस या खोल समुद्रातील तारामाशाची नोंद मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. (तारामासा हा मासा नव्हे. इंग्रजी शब्दाचे भाषांतर करताना त्यातली चूकही आपण सोबत आणली.)

नॉर्वेच्या हार्डांगर फ्योर्डमध्ये १८५३ साली समुद्रतळ खरवडणाऱ्या जाळ्यातून हा जीव वर आला. तो काढणारा पेटर क्रिस्टन आस्ब्यर्नसन तुम्हाला लोकसाहित्याच्या अभ्यासातही भेटेल. यॉर्गेन मो याच्यासह नॉर्वेच्या लोककथा संकलित करणारा तोच. चकतीसारखे लहानसे अंग, भोवती अकरा लांब, सडपातळ हात आणि झळाळता तांबडा रंग. आस्ब्यर्नसनला नॉर्स पुराणकथांतील फ्रेया देवीचा ब्रीसिंगामेन हा कंठहार आठवला आणि नावाचा पूर्वार्ध ठरला. उत्तरार्ध ग्रीक असून त्याचा अर्थ 'अकरा नडग्यांचा' असा होतो.

हे हात फार सहज गळून पडतात. त्यामुळे बरणीत पुष्कळदा चकती एकीकडे आणि हात दुसरीकडे असतात. मद्यार्कात रंगही उडून जातो. फिकट तुकडे पाहणाऱ्याला ती झळाळी आता केवळ नावातच सापडते.

नावापुढे 'आस्ब्यर्नसन, १८५६' असे असते. ते वर्ष सापडल्याचे नाही, नाव प्रसिद्ध झाल्याचे आहे. आडनावाला कंस नाही, म्हणजे जात पहिल्या वंशातच राहिली. गे. ओ. सार्स याने याच वंशात 'कोरोनाटा' ही जात नोंदवली होती. पुढे ती हायमेनोडिस्कस वंशात गेली आणि सार्सचे नाव कंसात गेले. विरामचिन्हाला इतके काम देणारे व्याकरण मी दुसरे पाहिलेले नाही. ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी फेकायची नाही, शेजारी नवी ठेवायची, हाही या नोंदींचा एक सुरेख शिरस्ता आहे.

आता आपल्या घरचे पाहू. आमच्या विभागात बोलीतील शब्दांच्या चिठ्ठ्यांचा एक जुना गठ्ठा आहे. अक्षर वळणदार, शब्द दुर्मीळ, अर्थ नेमके. पण गाव नाही, बोलणारी व्यक्ती नाही, तारीख नाही. बोलींच्या नकाशावर यातला एकही शब्द मला ठेवता येत नाही, आणि ज्यांच्या तोंडचे ते शब्द, ती माणसे आता शोधायची कुठे? तुटलेल्या हाताचा तुकडा ठिकाण आणि खोलीसह ठेवलेला असेल, तर पुढचा अभ्यासक निदान त्याच पाण्यात पुन्हा जाळे टाकू शकतो.

तुम्ही नोकरी, शेती, संसार सांभाळून बोलीचा प्रकल्प करणार आहात. माझ्यासारख्याला कधी न भेटणारी माणसे तुमच्या ओसरीवर बसलेली असतात. 'आजीकडून मिळालेला शब्द' एवढ्यावर थांबू नका. आजीचे माहेर कोणते, ती या गावात कधी आली, कोणते काम चालू असताना शब्द तोंडात आला, हे लिहा. शेजारीण वेगळा अर्थ सांगेल, तर पहिला खोडू नका. दुसरा खाली लिहा.

समुद्राची खोली पूर्वी फॅदममध्ये नोंदवत. या शब्दाच्या मुळाशी पसरलेले दोन हात आहेत. संस्कृत 'व्याम' आणि त्यापासून आलेला मराठी 'वाव' यांचेही माप तेच. दोर मोजताना अजून 'वाव' म्हणणारे कोणी तुमच्या गावात असेल, तर पहिली चिठ्ठी त्यांचीच करा. गाव आणि तारीख आधी लिहा, शब्द नंतर.