जुनं घ्या, पण पारखून!

मैत्रिणींनो, जुनी वस्तू विकत घेण्यात कमीपणा कसला? आमच्या गावात तर तांदूळ मुद्दाम जुनाच मागतात. सरकारी कागदावर देसाईगंज, पण आमच्या तोंडी वडसा. आजूबाजूला सगळी धानाची शेती. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, हे इथल्या पोरीसोरींनाही ठाऊक. पण दुकानदार जुना म्हणतो तो तांदूळ खरंच जुना आहे का, हे पोत्यात खोलवर हात घातल्याशिवाय कळत नाही. जुन्या लॅपटॉपचंही तसंच आहे.

आमची लेक यंदा अकरावीत. नवा लॅपटॉप ऐपतीबाहेरचा. मी शाळेत तासिकांवर शिकवते. त्या मानधनातून वर्षभर साठवलेले नऊ हजार, एवढीच माझी पुंजी. वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी. तिथले एक गृहस्थ २०१२ सालचा 'थिंकपॅड टी ४३०' विकणार असं कळलं. ते म्हणाले, "ताई, यात सगळं नवं टाकलंय. रॅम आठ जीबी, एसएसडी, बॅटरीसुद्धा नवी. नऊ हजारांच्या खाली देणार नाही."

आमचे हे म्हणाले, "ते सांगतात तर असेल. आपल्याला त्यातलं काय कळतं?"

आता सांगा, सोनार सांगतो म्हणून आपण बांगड्या घेतो का? हॉलमार्क पाहतोच ना! शाळेतल्या संगणकाच्या सरांकडून मी सगळं विचारून, पाककृती लिहावी तसं वहीत उतरवून घेतलं होतं. तेच तुम्हाला सांगते.

आधी एक लक्षात घ्या. जुन्या यंत्रात भर घातलेली असणं हा दोष नव्हे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. मोठा असला की एका वेळी चार कामं मांडता येतात. डिस्क म्हणजे कोठीची खोली. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते. एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून जुनं यंत्रही चटकन सुरू होतं. प्रश्न एवढाच, की सांगितलेली भर खरोखर घातली आहे का?

पहिलं काम, लॅपटॉप पालथा करा. खालच्या चिठ्ठीवर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की कारखान्यातून निघताना यंत्रात काय होतं, ते बहुतेक वेळा कळतं. आमच्यात मुळात चार जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क होती.

दुसरं, यंत्र सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' पाहा. रॅम किती आणि किती खाचा भरल्या, दोन्ही दिसतं. आमच्यात आठ जीबी, दोन्ही खाचा भरलेल्या. 'डिस्क'पुढे एसएसडी असंच लिहिलेलं. म्हणजे इथवर गृहस्थ खरे.

तिसरं, 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचा फुकट प्रोग्रॅम. डिस्क आजवर किती तास चालली आणि तिची तब्येत कशी आहे, हे तो सांगतो. नवी म्हणतात आणि तास मात्र हजारोंनी, असं दिसलं तर विचारा.

चौथं, बॅटरी. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या चौकटीत इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं लिहायचं. अहवाल तयार होतो. बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता, असे दोन आकडे त्यात असतात. आमच्या अहवालात मूळ ५६,१६० आणि आजची जेमतेम २३,०००. निम्म्याहूनही कमी! एवढा हिशेब बी.ए.वालीलाही जमतो.

मी अहवाल त्यांच्यापुढे धरला. ते गोरेमोरे झाले. "दुकानदारानं नवी म्हणूनच दिली होती हो," म्हणाले. खरंही असेल. त्यांनीसुद्धा पोत्यात हात घातला नव्हता. सौदा साडेसात हजारांत तुटला. उरलेले दीड हजार मी बॅटरीसाठी ठेवले.

पाचवं, मागचे स्क्रू पाहा. डोकी झिजलेली असली तर यंत्र उघडलेलं आहे. त्यात वावगं काही नाही, पण का उघडलं ते विचारावं.

आणि जे बदलत नाही तेही सांगते. प्रोसेसर जुना तो जुनाच राहतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि एवढ्या जुन्या यंत्राला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून सरांनी आधीच्या मालकाची माहिती पुसून त्यावर फुकट मिळणारं लिनक्स घालून दिलं. लेकीचा अभ्यास आणि माझ्या प्रश्नपत्रिका त्यावर छान होतात.

या साऱ्याला अर्धा तास पुरतो. विकणारा घाई करू लागला तर "पाहू द्या जरा" म्हणायला संकोचू नका. पैसा आपल्या कष्टाचा असतो, बायांनो!