नाड्याखालची जखम

आमच्या साकूर पठारावर साठी उलटलेल्या कितीतरी बायकांच्या कमरेला बोटभर रुंदीचा काळा पट्टा असतो. परकराच्या नाड्याचा. कांद्याची लागण असो की खुरपणी, दिवसभर वाकून काम. साडी घसरू नये म्हणून नाडा करकचून आवळलेला, घामाने भिजलेला. त्यावर कनवटीला पैसे नाहीतर चंची खोचलेली. तीच जागा वर्षानुवर्षं घासते, खाजते, काळी पडून जाड होते. त्याला कुणी दुखणं म्हणत नाही.

हात मोडला म्हणून आत्या आमच्याकडे राहायला आली आणि तिला अंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. परकराच्या आत तिने जुन्या लुगड्याची घडी ठेवली होती. ती कातडीला चिकटलेली. कोमट पाणी ओतून ओतून सोडवली तेव्हा उजव्या अंगाला, बरोबर त्या पट्ट्यावर, रुपयाएवढी जखम दिसली. कडा फुलकोबीसारख्या वर आलेल्या आणि हाताला टणक. मधला भाग लालभडक, बोट लागताच रक्त.

"आत्या, कधीपासून आहे हे?"

"दिवाळीच्या आधीपासून. नाड्याने सोललंय. दगडी पाला लावते की रोज."

"कुणाला दाखवलंस का?"

"कंबर सोडून कुणाला दाखवू बाई?"

खाज येते एवढंच सांगून तिने मेडिकलमधून नायट्याची ट्यूब आणवली होती. जखम कुणी बघितलीच नव्हती. माझ्या मते असं दुखणं इथेच बळावतं, लाजेत. तोंडातला फोड निदान घरात चर्चेला तरी येतो.

आम्ही तिला लोणीला, प्रवरा रुग्णालयात नेलं. तपासणाऱ्या डॉक्टर मुलीने आधी जखमेची कड दाबून पाहिली, मग दोन्ही जांघा चाचपल्या. अवधाण आलंय का, ते बघत होती. आजार पसरला तर आधी तिथल्या गाठींत उतरतो. जागा बधिर करून तिने कडेचा छोटा तुकडा तपासायला घेतला. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो अशी भीती आमच्याकडे घट्ट बसलेली आहे. ती खोटी आहे, आणि तिच्यापायी माणसं मोलाचे महिने घालवतात. रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कातडीचा कॅन्सर.

आत्या म्हणाली, "तो तर तोंडात होतो, छातीत होतो. कातडीला कसा होईल?"

डॉक्टरने तिला तिच्याच भाषेत समजावलं. एकच जागा पुन्हा पुन्हा सोलते, शरीर ती पुन्हा पुन्हा भरत राहतं, नव्या पेशी तयार करत राहतं. वर्षानुवर्षं हे चाललं की कधीतरी त्या पेशी बिघडतात आणि वाढायच्या थांबत नाहीत. चुलीवर, स्टोव्हवर भाजल्याचे जुने व्रणही असेच पुन्हा फुटतात.

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं, हे आपल्याकडे फार आधी नोंदलं गेलंय. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये अशा दोन बायकांची हकीकत छापली. त्यातली एक परकर न घालता लुगडंच कमरेला घट्ट बांधायची. तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. इतकी वर्षं हे ठाऊक असताना एकाही परकराच्या दुकानात, एकाही आरोग्य शिबिरात मी ते ऐकलं नव्हतं, याचा मला राग येतो.

गोऱ्या लोकांच्या देशांत या आजाराचं मोठं कारण ऊन. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं. जन्मतःच कातडीत रंग नसलेल्या मुलांना मात्र ते अजिबात नसतं. त्यांना लांब बाह्या, टोपी आणि सावली हवीच. आपल्याकडे तळपायही बघायला हवा. तिथला काळा डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, तर त्याला कुरूप म्हणून ब्लेडने कापत बसू नये; तोही कातडीचा कॅन्सर असू शकतो.

आत्याच्या जांघेत गाठ नव्हती. जखम आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढली, मांडीची कातडी तिथे लावली. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. आता ती नाड्याऐवजी रुंद पट्टा लावलेला परकर घालते, तोही सैल, आणि रात्री मॅक्सी. तपासणीला ठरल्या तारखेला जाते.

एरवी पदर ढळू न देणारी आत्या वस्तीवरच्या बायकांना घरात बोलावून कमरेचा व्रण दाखवते आणि त्यांच्या कमरा बघते. शेजारच्या सुनेला तिने दवाखान्यात पाठवलं. तिची जखम साधी निघाली, नाडा सैल केल्यावर मलमाने भरली. त्या सुनेच्या सासूच्या पोटरीवर मात्र लहानपणी भाजल्याचा व्रण आहे. तो गेल्या पावसाळ्यापासून चिघळतोय, आणि म्हातारी दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. आत्या तिच्या ओट्यावर जाऊन बसली ती तिने हो म्हणेपर्यंत उठली नाही. येत्या गुरुवारी दोघींना घेऊन मी लोणीला निघणार आहे.