पद्मिनीचं डोकं, मेट्रोच्या डब्यात

घाटकोपर मेट्रो स्टेशन, सकाळी पावणेदहा. ऑफिसला निघालेल्यांच्या लॅपटॉप बॅगांमागून माझी भाजीची जाडजूड कापडी पिशवी एक्स-रे मशिनमध्ये शिरली आणि पट्टा थांबला. सिक्युरिटीवाल्या ताईंनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे.

"काय आहे यात?"

"डोकं," मी म्हणाले.

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

"म्हणजे इंजिनचं. फियाटचं. हेड!"

पिशवी उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, काजळी धरलेलं अॅल्युमिनियमचं धूड. ताईंनी बोट लावून पाहिलं, बोट काळं झालं. शेजारचे साहेब वाकून बघत म्हणाले, "अरे, आमच्या काकांची टॅक्सी होती." झालं, पिशवी सुटली! जागृती नगर, असल्फा आणि मग साकीनाका. तिसरंच स्टेशन.

ही गोष्ट त्या डोक्याची. ते बदलायचं की तेच ठेवायचं, यावरून आमच्या घरी दोन महिने महाभारत चाललं होतं. त्या निमित्तानं मुलुंड ते अंधेरी अशी एक मुंबई पाहून झाली, जी आपल्याला एसी कॅबच्या काचेतून कधी दिसतच नाही.

चाकांवर गेली तर राहील

आमची प्रीमियर पद्मिनी १९७७ सालची. तीन अक्षरी जुनी नंबरप्लेट, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. बाबांनी ती सेकंडहँड घेतली, मी जन्मायच्या आधी. बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यामुळे आमच्याकडे रविवार म्हणजे मटण नव्हे, टॅपेट! बॉनेट उघडं, हातात फिलर गेज, तोंडात सुपारी.

दोन वर्षांपूर्वी हेड गॅस्केट उडालं. रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये शिरलं आणि ऑइलचा चहा झाला, दूध जास्त असलेला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच झालं होतं. गाडीवर कव्हर चढलं ते चढलंच.

मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या फ्लॅटला पार्किंग एकच. आई म्हणाली, भंगारवाल्याला बोलवा. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर पडली तर राहील. टो करायची वेळ आली तर जाऊ दे."

दादा ऐरोलीला आयटीत आहे आणि रात्री इंजिनांचे व्हिडिओ बघत झोपतो. त्याचे डोळे चमकले. "हेड उघडायचंच आहे ना? मग तेच परत कशाला? ट्विन-कॅम हेड टाकू. वर दोन साइडड्राफ्ट कार्बोरेटर. बाबा, सॉलिड पिकअप येईल!"

बाबांनी पेपर उलटला.

वॉचमनची काठी आणि चाळीतला नळ

माझ्यासारख्या मास कॉमवाल्यांसाठी थोडं सोपं करून सांगते. इंजिनाचा सगळा खेळ श्वासाचा. हवा-पेट्रोल आत, धूर बाहेर. या दारांना म्हणायचं व्हॉल्व्ह आणि दारं उघडतो तो कॅमशाफ्ट. पद्मिनीत कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये राहतो. तिथून लांब पुशरॉड वर येतात, रॉकरला ढकलतात, रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. म्हणजे तळमजल्यावरच्या वॉचमननं काठीनं चौथ्या मजल्याची खिडकी उघडायची! निवांत असताना ठीक आहे, पण घाई झाली की काठी मागे पडते. ट्विन-कॅममध्ये दोन कॅमशाफ्ट थेट वर, हेडमध्येच बसतात. एक श्वास घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी, एक सोडणाऱ्या. काठीच नाही.

आता कार्बोरेटर. पद्मिनीचा एकुलता एक कार्बोरेटर इंजिनावर उभा बसतो. हवा वरून खाली येते, वळते आणि चार सिलिंडरांत वाटली जाते. चाळीतला एक नळ, चार बिऱ्हाडं. साइडड्राफ्ट आडवा बसतो, हवा सरळ आत जाते. दोन तोंडांचे असे दोन लावले की प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा नळ. फक्त चारही नळांची धार सारखी लावत बसायचं.

ऐकायला भन्नाट. प्रश्न एवढाच, की हे हेड मिळणार कुठे?

कुर्ल्यात चुकामूक

दादानं शोध लावला होता. फियाटची पालिओ आठवते? सचिनच्या जाहिरातीतली? २००१ मध्ये आलेल्या त्या गाडीच्या १.६ मॉडेलला ट्विन-कॅम, सोळा व्हॉल्व्हचं, शंभर अश्वशक्तीचं इंजिन होतं. आणि ती बनायची कुठे? कुर्ल्यात!

कुर्ला म्हणजे पद्मिनीचं माहेर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिली गाडी बाहेर पडली. फियाट ११०० ची 'डिलाइट' १९६४ ची, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. सगळ्यांचं इंजिन तेच, १०८९ सीसी, चाळीसेक अश्वशक्ती. पद्मिनीचं उत्पादन संपायच्या सुमारास त्याच कुर्ल्यातून ट्विन-कॅमवाली पालिओ बाहेर पडायला लागली. आजी आणि नातीची दारातच चुकामूक!

म्हणून एका शनिवारी दादा आणि मी सीएसटी रोडवर. कुर्ला ते कलिना, दोन्ही बाजूंना गाड्यांचे अवयव. दारांच्या थप्प्या, हेडलाइटच्या माळा, बंपरचे डोंगर. एका दुकानात पालिओचं हेड मिळालं. चाचांनी दादाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग एक शब्द न बोलता पद्मिनीचं जुनं गॅस्केट काउंटरवर ठेवलं आणि त्यावर पालिओचं.

भोकांवर भोक येईना. सिलिंडरची नाही, बोल्टची नाही, पाण्याच्या वाटांची तर नाहीच.

"डोकं बदलायला मान तरी एक पाहिजे ना, बेटा," चाचा म्हणाले आणि चहा मागवला.

पेच नेमका इथेच असतो. जगात पुशरॉडच्या ब्लॉकवर ट्विन-कॅम हेड चढलेली आहेत, नाही असं नाही. १९६२ च्या लोटस एलानमध्ये साध्या फोर्डच्या ब्लॉकवर हॅरी मंडी यांनी आखलेलं ट्विन-कॅम हेड होतं आणि बाजूला आडवे वेबर कार्बोरेटर. फियाटनंही १९६६ मध्ये तेच केलं. एकेकाळी फेरारीची इंजिनं आखणाऱ्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी १२४ च्या पुशरॉड इंजिनावरून ट्विन-कॅम उभं केलं, कॅम फिरवायला दातेरी पट्टा लावला. पण ती हेडं त्या-त्या ब्लॉकसाठीच आखलेली होती. लोटसमध्ये खालचा जुना कॅमशाफ्टही काढून टाकला नाही. त्याला व्हॉल्व्हच्या कामातून रिटायर केलं आणि ऑइल पंप व डिस्ट्रिब्युटर फिरवायला ठेवलं.

आपल्याकडे गंमत बघा. १२४ ची बॉडी भारतात आली, १९८५ ची प्रीमियर ११८ एनई म्हणून. पण बॉनेटखाली निसानचं पुशरॉड इंजिन! ट्विन-कॅम तेव्हाही कुर्ल्याला आलंच नाही.

दादाचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, बरं, नुसते कार्बोरेटर? तर त्याला पूर्वज निघाले. १९५८ च्या सुमाराला इटलीत फॉर्म्युला ज्युनिअर नावाच्या रेस सुरू झाल्या. इंजिन रोजच्या गाडीचंच हवं आणि दोन ओव्हरहेड कॅम चालणार नाहीत, असा नियम. मोडेनाच्या स्टांगेलिनीनं त्यात उतरवलं फियाट ११०० चं १०८९ सीसी इंजिन. म्हणजे आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचंच! दोन वेबर लावून, आतून घासूनपुसून त्यांनी ताकद जवळपास दुप्पट केली. पण ती गाडी चारशे किलोंच्या आसपासची, रेसपुरती जगणारी. आमच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि समोर एलबीएस मार्गाचा ट्रॅफिक.

पन्नाशीचा हिशेब

तरी दादा हटेना. अख्खं पालिओचं इंजिनच टाकू म्हणाला. तेव्हा मी माझं काम केलं, कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. त्यात २०२१ पासून पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते, नंबरात 'व्हीए' अक्षरांसह. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशी गाडी मग रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच. घ्यायची की नाही ते पुढचं पुढे. पण आमच्या गाडीची पन्नाशी २०२७ मध्ये. पालिओचं इंजिन टाकलं की तो दरवाजा बंद.

हे सगळं मी जेवताना वाचून दाखवलं. दादा ताटातला भात चिवडत होता. बाबांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तू ट्विन-कॅम बसव. चांगलंच असतं ते. फक्त बिघडलं की मला काही कळणार नाही. हे इंजिन मला आवाजावरून कळतं. डोळे गेले तरी कळेल."

आई वाढता वाढता थांबली. दादानं भात संपवला आणि हात धुऊन थेट पार्किंगमध्ये गेला. रात्री साडेअकराला वर आला तेव्हा हेड काढलेलं होतं.

साकीनाक्याचा गाळा

तेच हेड पिशवीत घालून मी त्या सकाळी मेट्रोत होते. दादाला सुट्टी नव्हती आणि फ्रीलान्सर म्हणजे घरच्यांच्या मते कायम सुट्टीवर.

साकीनाक्याला उतरलात की खैरानी रोडच्या बाजूला वळा. वरून मेट्रो जाते, खाली पत्र्याच्या गाळ्यांत अजून लोखंड कापलं जातं. लेथची घरघर, कूलंटचा आंबूस वास, बुटाला चिकटणारे धातूचे चकचकीत कुरळे कीस. आमचा गाळा दहा बाय पंधराचा. मिस्त्रींनी हेडवर स्टीलची पट्टी आडवी धरली, मागे ट्यूब लावली आणि मला बोलावलं. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. हेड वाकलं होतं. त्या केसभर फटीतून पाणी आत गेलं होतं.

फेसिंग, नवे व्हॉल्व्ह गाइड, व्हॉल्व्ह घासून बसवणं. चार दिवसांचं काम. हेड घ्यायला बाबा स्वतः आले. काळा चष्मा लावून, कितीतरी दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून. मिस्त्री आणि बाबा तासभर बोलले. दोघांनी मिळून माझ्याशी दोन वाक्यं.

पुढच्या रविवारी बॉनेट उघडलं. दादानं बोल्ट आवळले, आतून बाहेर, क्रमानं, टॉर्क रेंच लावून. टॅपेट मात्र बाबांनी लावले. गेजची पात डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून ती सरकताना किती अडते ते बोटांनी बघत. एकेका व्हॉल्व्हला पाच-पाच मिनिटं. दादा शेजारी टॉर्च धरून उभा. एकदाही म्हणाला नाही, "द्या, मी करतो."

चौथ्या सेल्फला गाडी लागली. बाबांनी मान तिरकी केली, ऐकलं, म्हणाले, "तिसरा थोडा टाइट आहे." तिसरा थोडा टाइटच होता.

बिल्डिंग रिकामी करायच्या आठवडाभर आधी पद्मिनी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर पडली. पहिली फेरी बाबांनी ठरवलेली, विद्याविहारचा प्रीमियर रोड. दादा चालवत होता, बाबा शेजारी. कारखान्याच्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत, रस्त्याचं नाव तेवढं उरलंय. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली. सिग्नलला दोन बाइकवाल्यांनी आमचे फोटो काढले.

"पिकअप काहीच नाही हो बाबा," दादा म्हणाला.

"घाई कुणाला आहे?" बाबा म्हणाले. मागून एका एसयूव्हीनं कचकचून हॉर्न मारला. घाई तिला होती.

जायचंय?
घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रोनं साकीनाका. गाळे बघायला कामाच्या दिवशी सकाळी जा, रविवारी बरेच बंद असतात. सीएसटी रोडसाठी कुर्ला स्टेशनला पश्चिमेला उतरा आणि रिक्षा करा. जुनं गॅस्केट सोबत न्या, मापावरून वाद होत नाही. पांढरे बूट घालू नका. आणि मेट्रोत कुणी विचारलं तर "डोकं" म्हणू नका, "स्पेअर पार्ट" म्हणा!