आधी गळती, मग सूर्य

जुन्या वास्तूचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच वाटा सुचतात. पाडून टाका, नाहीतर रंग फासून मोकळे व्हा. अलीकडे तिसरी वाट निघाली आहे, ती म्हणजे छपरावर सौर पॅनेल बसवून ‘हरित’ म्हणवून घेण्याची.

आमच्या कॉलेजची कचेरी दगडी भिंतींची, मंगलोरी कौलांची, सागवानी खिडक्यांची. खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावाव्यात, चारही खोल्यांत एसी बसवावेत आणि वाढणाऱ्या बिलावर तोडगा म्हणून सौर पॅनेल घ्यावीत, असा प्रस्ताव सध्या इमारत समितीपुढे आहे. प्रस्ताव मांडणारे सहकारी कळकळीचे आहेत. ‘सर, सूर्य फुकट आहे की!’ असं ते म्हणतात. सूर्य फुकट खरा, पण पॅनेल फुकट नाहीत. आणि गरज वाढवून मग ती भागवायची, म्हणजे आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं.

मी इतिहास शिकवतो, इंजिनिअर नव्हे. पण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची हकिगत कुणालाही समजावी अशी आहे. १९३१ साली पूर्ण झालेली ही १०२ मजली कचेऱ्यांची इमारत. २००९ मध्ये तिच्या ऊर्जासुधारणेची योजना जाहीर झाली. तिथल्या मंडळींनी सुरुवात केली ती खिडक्यांपासून. एकूण ६,५१४ खिडक्या! त्या भंगारात गेल्या नाहीत. इमारतीतच कारखाना थाटून काचा उतरवल्या, धुतल्या, दोन काचांमध्ये पातळ पारदर्शक पडदा ताणला, पोकळीत वायू भरला आणि त्याच काचा पुन्हा बसवल्या. जुन्या मालापैकी सुमारे ९६ टक्के माल पुन्हा वापरात आला. खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरची उष्णता मागच्या भिंतीतून बाहेर जात होती, म्हणून त्यांच्यामागे उष्णतारोधक पत्रे लावले.

खरी मेख पुढेच आहे. गळती थांबल्यामुळे इमारत गार ठेवण्याचा भार कमी झाला आणि थंडाव्याची अवजड यंत्रं नवी घेण्याऐवजी जुनीच दुरुस्त करून भागलं. ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी घटवून वर्षाला ४४ लाख डॉलर वाचवायचं उद्दिष्ट होतं. पहिल्या वर्षी ठरल्यापेक्षा जास्तच बचत झाली. २०११ मध्ये पवनऊर्जेची वीज विकत घेण्याचा करार झाला, तोही हे सगळं हाती घेतल्यावर.

न्यूयॉर्कची थंडी आपल्याकडे नाही, पण कामाचा क्रम तोच हवा. आमच्या कचेरीत भरदुपारी दिवे का लागतात, असं शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, ‘सर, पावसात खिडक्या फुगल्या, उघडेनात. मग कुणीतरी कपाटं लावली त्यांना. तेव्हापासून दिवे-पंखे दिवसभर.’ आमची गळती ही अशी! सुताराने रंधा मारून खिडक्या मोकळ्या केल्या, कपाटं आतल्या भिंतीला सरकवली, तर उजेड आणि वारा दोन्ही आपसूक येतील. जाड दगडी भिंती दुपारचं ऊन बराच वेळ बाहेर थोपवतातच. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. एवढं करून उरेल ती गरज मोजावी आणि तेवढीच पॅनेल ग्रंथालयाच्या सपाट स्लॅबवर बसवावीत. कौलांना हात लावायची गरज नाही.

पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. सागवानी खिडक्या एकदा लिलावात गेल्या की परत येत नाहीत. पॅनेल मात्र पुढच्या वर्षीही मिळतील, आणि सूर्य तर कुठेच जात नाही.