समुद्र नसलेलं जहाज

यूस्टनहून आमची गाडी सुटायला अजून तासभर होता, म्हणून भाची मला जवळच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये घेऊन गेली. तिथे बागेत नूर इनायत खानचा अर्धपुतळा आहे. टिपू सुलतानच्या वंशातली ही मुलगी १९४३ च्या जूनमध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली, पॅरिसहून चोरून बिनतारी संदेश पाठवत राहिली, पकडली गेली आणि पुढच्या वर्षी डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. हेरगिरी करणारी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अशीच कुणीतरी येते. आम्ही मात्र निघालो होतो बसून करायच्या हेरगिरीच्या गावाला. तिथल्या मुलींनी शत्रूचं तोंडही पाहिलं नाही. त्यांच्यातली एक याच बागेपासून दोन पावलांवरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जर्मन शिकत होती. मेव्हिस लीव्हर तिचं नाव. तिच्याकडे वळूच.

ब्लेचली स्टेशनवर उतरून रस्ता ओलांडला की पाच-दहा मिनिटांत फाटक येतं. युद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायला हे गाव निवडलं गेलं ते याच स्टेशनमुळे. लंडनहून उत्तरेला जाणारी मुख्य लाइन आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला जोडणारी लाइन इथे एकमेकींना छेदायच्या. पंडित दोन्हीकडून आणायचे, बातमी लंडनला पोचवायची, आणि नाव कुणी ऐकलेलं नसावं. १९३८ मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने, ॲडमिरल सिंक्लेअरने, ही जागा घेतली. मधला वाडा सर हर्बर्ट लिऑन नावाच्या सावकाराचा. घुमट हवा, कमानी हव्यात, विटाही हव्यात आणि दगडही. एकाही हौसेला नाही म्हटलेलं दिसत नाही. मला तो आवडला, पण त्याचं कौतुक करावं असं काही त्यात नाही.

खरं काम वाड्याबाहेरच्या लाकडी खोपटांत चाले. त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. हट सहामध्ये जर्मन सैन्याचे आणि विमानदळाचे संदेश फोडायचे, ते हट तीनमध्ये भाषांतराला. हट आठ नौदलाचे फोडणार, हट चार त्यांचा अर्थ लावणार. शेजारच्या हटमध्ये काय चालतं हे विचारायचं नाही. १९४५ च्या सुरुवातीला इथे जवळजवळ ९,००० माणसं होती आणि त्यांतल्या चारांपैकी तीन बायका. जर्मन ज्यावर संदेश सांकेतिक करत त्या एनिग्मा यंत्राच्या मांडणीच्या शक्यता लिहायच्या तर १५९ पुढे अठरा शून्यं, आणि जर्मन ती मांडणी रोज मध्यरात्री बदलत. त्यामुळे पाळ्या तीन: आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ.

तबेल्याच्या आवारातल्या छोट्या घरात डिली नॉक्स बसायचे. ग्रीक भाषेचे पंडित, स्वभावाने विक्षिप्त. त्यांच्या हाताखाली सगळ्या मुली, आणि सगळा परिसर त्यांना ‘डिलीच्या पोरी’च म्हणे. मेव्हिस आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आम्ही यंत्रं फोडतोय, पेन्सिल आणलीस का, एवढ्यावर नॉक्सनी तिचं प्रशिक्षण संपवलं.

एकदा तिच्यापुढे एक लांबलचक इटालियन संदेश आला. ती बघत राहिली. काहीतरी नव्हतं. त्यात ‘एल’ हे अक्षरच कुठे नव्हतं. एनिग्मा कुठलंही अक्षर बदलून देतं, पण त्याच अक्षरात कधीच देत नाही. ती त्या यंत्राची खोड. म्हणजे पलीकडच्या ऑपरेटरला खोटा संदेश पाठवायला सांगितलेलं असणार, आणि पठ्ठ्याने कंटाळून कीबोर्डच्या शेवटच्या ‘एल’वर बोट ठेवून तेच पुन्हा पुन्हा दाबलेलं असणार. त्या एका आळसावरून मेव्हिसने यंत्रातल्या नव्या चक्राची तारजोडणी शोधली.

“म्हणजे मावशी, तिने नसलेलं वाचलं,” भाची म्हणाली.

मार्च १९४१ मध्ये त्याच घरात इटालियन नौदलाचा एक संदेश फुटला. आज वजा तीन दिवस, एवढाच अर्थ. तीन दिवसांनी काय, ते शोधायला मुली रात्रंदिवस बसल्या. त्यातून मातापान भूशिराजवळची लढाई झाली. नंतर विजयी ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅम आभार मानायला स्वतः आले. घराला नुकताच चुना दिलेला. पोरींनी त्यांना बोलण्यात गुंतवून बेतानेच भिंतीला टेकवलं, आणि साहेबांच्या गडद निळ्या गणवेशाची पाठ पांढरी झाली. गंमत ऐकून आम्ही दोघी हसलो. त्या लढाईत इटलीचे २,३०० हून जास्त खलाशी बुडाले हे मला आधीपासून माहीत होतं, तरी हसले.

पगाराचं सांगायलाच हवं. हट आठमधली जोन क्लार्क गणितात कुणाला हार जाणारी नव्हती, पण बाईला वरची श्रेणी द्यायची सोयच नियमात नव्हती. मग तिला कागदोपत्री भाषातज्ज्ञ केलं. फॉर्म भरताना ती मजेत लिहायची: पद भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा एकही नाही. युद्ध जिंकायला नियम वाकवतील, पण सरळ करणार नाहीत. सरकारी कचेरीत उभं राहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

शेजारच्या संगणक संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे. कुरकुर न करता काढावं. एनिग्माची रोजची मांडणी शोधणारं ‘बॉम्ब’ यंत्र तिथे नव्याने बांधलंय, ते चालवून दाखवतात. नाव तसं, पण ते फुटत नाही, नुसता खडखडाट करतं. पुरुषभर उंच, टनभर वजनाचं कपाट, आणि पुढे रंगवलेल्या १०८ चकत्या. स्वयंसेवकाने एक चकती काढून उलटी धरली. मागे तारांचे बारीक ब्रश, एका चकतीत १०४. त्यातला एक जरी वाकून शेजारच्याला टेकला तरी उत्तर चुकणार. म्हणून मुली पाळीपाळीने चिमटा घेऊन ते सरळ करत बसायच्या. चिमटा अगदी भुवया कोरायचा असतो तसला. यंत्र थांबलं की आकडा टिपायचा, फोनवर कळवायचा, पुन्हा सुरू. कुठली बोट वाचली, कुठली बुडाली, ते त्यांना कोण सांगणार?

या बहुतेक मुली नौदलातल्या, ‘रेन’ म्हणवणाऱ्या. समुद्राच्या ओढीने भरती झालेल्या, आणि नेमणूक मिळाली एच.एम.एस. पेम्ब्रोक पाचवर. हे जहाज फक्त कागदावर. किनारा कित्येक मैल लांब, पण राहत्या घराच्या खोल्यांना केबिन आणि जमिनीला डेक म्हणायची सक्ती.

युद्ध संपलं आणि मुली घरी गेल्या, लग्नं झाली. १९७४ मध्ये या गुप्त कामावर विंटरबॉथम यांचं पुस्तक येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. तोंड बंद ठेवायला लावणारा कायदा आपल्याकडेही आहे: ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, १९२३ चा, इंग्रजांनीच दिलेला. माझे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. आज काय केलंत विचारलं की “काम” म्हणायचे आणि चहा मागायचे. आईने पुढे विचारणंच सोडलं. युद्धाच्या काळात दिल्लीतही आनंद पर्बतावर रामजस कॉलेजात जपानी संदेश ऐकणारं केंद्र होतं, आणि तिथेही सैन्याच्या महिला दलातल्या बायका होत्या. त्यांच्या घरीही बहुधा चहाच मागितला गेला असेल.

परतीच्या गाडीत भाचीने तिकिटाच्या पाकिटावर इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी खरडून माझ्यापुढे धरल्या.

“कुठलं नाही ते शोध.”

मी चष्मा लावला. वॉटफर्ड गेलं तरी सापडलं नव्हतं.